पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर रस्त्याने जावं का? आणि नॅशनल हायवे असून इतका वेळ का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जानेवारीत आईबाबांना (दोघंही सत्तरीच्या आसपास) घेऊन अंदमानला जायचंय, सेल्युलर जेल वगैरे झालं की गाडी करून थेट उत्तरेला दिगलीपूरपर्यंत जावं असं डोक्यात आहे, मॅपवर तीनशेच्या थोडं वर किलोमीटर दिसतात, मग टूरवाला बारा तास का सांगतोय, हायवे आहे ना, रस्ता दरवर्षी खराब का होतो, आणि शेवटी जरा दबकत विचारलंय की वाटेत जारवा (तिथल्या जंगलात राहणारी आदिवासी जमात) दिसतात का.

मी सिव्हिलवाला. मूळ चिपळूणचा, आयुष्य रस्त्यांवर गेलं, त्यातली साडेपाच वर्षं या रस्त्यावर, कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने. त्यामुळे उत्तर लांबेल. टूरचं पण सांगतो, पण आधी रस्ता समजून घ्या, मग बारा तासांवर रागवावंसं वाटणार नाही.

पहिली गोष्ट, याला तिथं कोणी एनएच 4 म्हणत नाही. कागदावर हा नॅशनल हायवे 4, आधी 223 होता. लोकांच्या तोंडी फक्त एटीआर, अंदमान ट्रंक रोड. (पोर्ट ब्लेअरचं नाव पण 2024 पासून श्रीविजयपुरम आहे, जेट्टीवर विचाराल तर निम्मे लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही इथे तेच लिहितोय.) आणि हा एका बेटावरचा रस्ता नाहीच. दक्षिण अंदमान, मग बाराटांग, मग मध्य अंदमान, मग उत्तर अंदमान, अशी चार बेटं ओळीने लागून आहेत आणि मधे खाड्या आहेत, खाड्या म्हणजे खरं तर चिंचोळ्या सामुद्रधुन्या. आपण कोकणात खाडीवर पूल होईपर्यंत तरीने जायचो ना, तसंच. मी गेलो तेव्हा दोन ठिकाणी गाडी बार्जवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढवावी लागायची, मिडल स्ट्रेटला आणि पुढे हम्फ्री स्ट्रेटला. हम्फ्रीवर आता पूल झालाय, आझाद हिंद फौज सेतू, जवळपास दीड किलोमीटरचा. मिडल स्ट्रेटला मी शेवटचा गेलो तेव्हा फेरीच होती. तिसरी खाडी ऑस्टिन स्ट्रेट, तिच्यावर चेंगप्पा पूल आहे, 268 मीटरचा, 2002 साली सुरू झालेला.

म्हणजे इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, फेरी आणि कॉन्व्हॉय मोजायचे. कॉन्व्हॉयची एक वेळ चुकली की तीन तास गेले, संपला विषय.

कॉन्व्हॉय म्हणजे काय ते सांगतो. पोर्ट ब्लेअरहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर जिरकाटांग म्हणून चेकपोस्ट आहे. तिथून मिडल स्ट्रेटपर्यंतचा एकोणपन्नासेक किलोमीटरचा तुकडा जारवांच्या राखीव जंगलातून जातो. त्यात एकट्याने गाडी नेता येत नाही. ठरलेल्या वेळी गेट उघडतं, सगळ्या गाड्या रांगेने सोडतात, पोलीस पुढे मागे. ताशी 40 ची मर्यादा, ओव्हरटेक नाही, थांबायचं नाही, काच खाली करून काही द्यायचं नाही, फोटो नाही. मी असताना दिवसातून चार वेळा सुटायचा, पहिला सकाळी सहाला, शेवटचा दुपारी तीनच्या सुमारास, वेळा मधूनमधून बदलतात म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला नाही तर ड्रायव्हरलाच विचारा. सहाचा पकडायचा तर पोर्ट ब्लेअरहून पहाटे साडेतीन-चारला निघायचं. हो, पहाटे. जिरकाटांगला पाचच्या आधीच शंभरेक गाड्या लागलेल्या असतात, काळोखात टपऱ्यांवर इडली-वडा-समोसा चालू, ड्रायव्हर लोक सगळ्यांची नावं-आयडी लिहिलेला फॉर्म घेऊन खिडकीकडे पळतायत, आणि टॉयलेटला ही मोठी लाईन. आईबाबांना हे आधी सांगून ठेवा. टॉयलेट तिथेच उरकून घ्या, कारण पुढे दीड तास गाडी थांबणार नाही म्हणजे नाही.

आता रस्ता खराब का होतो. इथे मला राग येतो, कारण लोक येतात आणि सरळ म्हणतात पैसे खाल्ले. खात असतील, नसतील, ते जगभर आहे. पण तिथली माती आणि पाऊस एकदा बघा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आता हे आपल्याला कोकणातल्यांना काही विशेष नाही, चिपळूणला यापेक्षा जास्त पडतो. पण आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि जातो, आठ महिने रस्ता सुकतो, काम करायला मिळतं. तिथे मे ते सप्टेंबर एक मान्सून आणि लगेच ऑक्टोबरपासून परतीच्या वाऱ्यांचा दुसरा, डिसेंबरपर्यंत लांबतो. डांबराचं काम करायला सरळ कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते एप्रिल. चार. त्यातही एखादी सर येतेच. वर्षाचं सगळं काम चार महिन्यांत कोंबायचं, आणि टुरिस्टचा सीझन पण नेमका तोच.

आणि खालची जमीन. आपल्याकडे जांभा असतो, खणला तर उभा राहतो, विहिरीची भिंत बिनबांधणीची टिकते. अंदमानात बराचसा भाग वाळूखडक आणि शेल यांच्या थरांचा आहे, समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ वर उचलला गेला आणि त्याचे डोंगर झाले. शेल म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याचा दगड, कोरडा असताना हातोड्याने फोडावा लागतो इतका घट्ट वाटतो. नवीन पोरं साईटवर आली की मी एक उद्योग करायचो, डोंगर कापलेल्या जागेतून मुठीएवढा तुकडा घ्यायचा, बिसलेरीची बाटली अर्धी कापून तिच्यात पाण्यात टाकून माझ्या टेबलावर ठेवायचा. रात्री दगड, सकाळी चिखल. तळाशी करड्या रंगाचं पिठलं बसलेलं असायचं. मग त्यांना म्हणायचो, या पिठल्यावर आपला रस्ता आहे, आता सांग गटार पहिलं करायचं की डांबर. पुस्तकात वाचून जे डोक्यात जात नाही ते त्या बाटलीने जायचं.

त्यामुळे पावसाळ्यात डोंगराकडची बाजू घसरून रस्त्यावर येते आणि दरीकडची बाजू रस्ता घेऊन खाली जाते, दोन्हीकडून मार. वरचं डांबर कितीही चांगलं करा, बाजूचं गटार तुंबलं, मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) बुजली, की पाणी खालून शिरतं, खडीचा थर मऊ होतो, त्यावरून भरलेला ट्रक गेला की वरची कातडी फाटते. खड्डा वरून दिसतो पण तो सुरू खालून झालेला असतो. मुंबई-गोव्याला जे बघता तेच, फक्त इथे रिपेअरचं सामान समुद्रातून येतं.

सामानाचं ऐका. डांबर, सिमेंट, सळई, मशीनचे पार्ट, सगळं चेन्नई नाही तर कोलकात्याहून जहाजाने, दोन्हीकडून साधारण बाराशे किलोमीटर. समुद्रकिनाऱ्याची वाळू उपसणं कोर्टाने 2002 मध्ये टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, जे योग्यच होतं, पण मग खडी भरडून वाळू करायची, त्यासाठी खाण लागते, खाणी मोजक्या, आणि बेटाचा बहुतेक भाग जंगल. पेव्हरचा (डांबर-खडी पसरायचं मशीन) एक साधा सेन्सर गेला होता तेव्हा आमचं पूर्ण युनिट नऊ दिवस बसून होतं, जहाज दोन दिवस उशिरा, त्यात रविवार. जानेवारीतले नऊ दिवस!

आणि हॉटमिक्सची गंमत, ही कुठल्या पुस्तकात नाही. डांबर मिसळलेली खडी प्लांटमधून दीडशे डिग्रीच्या वर निघते, ती रस्त्यावर पसरायला सव्वाशेच्या वर तरी गरम असायला हवी, आणि नव्वद-शंभरच्या खाली जायच्या आत रोलर मारून झाला पाहिजे. ताडपत्री घट्ट बांधली तर दोन-अडीच तास निभतं. आता मधे फेरी असेल तर? एकदा आमचे चार डंपर बार्जच्या रांगेत अडकले, बार्जचं इंजिन बंद पडलं, दुसरी पलीकडच्या काठाला. मी ताडपत्रीखाली थर्मामीटर खुपसून बसलोय, 148, 139, 131, शेजारी शाळेची पोरं भेळ खात बघतायत. पावणेतीन तासांनी पलीकडे पोचलो तेव्हा डंपरच्या कडेचा माल दगड झाला होता. दोन डंपर फेकले. त्यानंतर ठरवलं, खाडी ओलांडून गरम माल न्यायचा नाही, प्रत्येक बेटावर छोटा का होईना वेगळा प्लांट. खर्च वाढला, वरच्यांनी शिव्या घातल्या, पण मग माल फेकावा लागला नाही.

भूकंपाचं राहिलंच. हे सगळं झोन पाचमध्ये, सगळ्यात धोक्याचा. 26 डिसेंबर 2004 चा भूकंप आणि त्सुनामी सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी या रस्त्याचं काय झालं हे फार कोणाला माहीत नाही. पोर्ट ब्लेअरकडची जमीन साधारण मीटरभर खाली बसली आणि उत्तरेकडे मायाबंदर-दिगलीपूरकडची वर उचलली गेली. एकाच रस्त्याचं एक टोक खाली गेलं आणि दुसरं वर आलं. पोर्ट ब्लेअरबाहेर सिप्पीघाट लागतं, तिथे भरतीचं पाणी शेतात शिरलं ते कायमचं, रस्त्यावरही यायला लागलं, रस्ता उचलून घ्यावा लागला. जाताना उजवी-डावीकडे बघा, पाण्यात उभे वाळके माड आणि झाडांचे खुंट अजून दिसतील, ती एकेकाळची भातशेती. आणि वर उत्तरेला उलटं, पोवळ्यांचे खडक उघडे पडले, जेट्ट्यांपाशी पाणी कमी झालं. चेंगप्पा पुलाचा वरचा भाग बेअरिंगवरून (खांबावर पूल ज्याच्यावर टेकतो ते) बाजूला सरकला होता. पुलावरून जाताना ड्रायव्हरला सांगा हळू घे, खालचं पाणी आणि खारफुटी बघण्यासारखी आहे, पण माझ्यासारख्याचं लक्ष बेअरिंगकडेच जातं.

आता जारवा. दबकत विचारलंत ते बरं केलंत, बरेच लोक दबकत पण नाहीत.

हा रस्ता त्यांच्या जंगलातून गेला, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सत्तरच्या दशकात काम जोरात सुरू झालं तेव्हा त्यांनी बाणांनी हल्ले केले, मजूर मेले, बंदोबस्ताला बुश पोलीस नेमले, आणि तिकडून किती मेले याची नोंद नाही. 1989 च्या सुमारास रस्ता पूर्ण वाहता झाला. 1997 पासून जारवा बिनशस्त्र बाहेर यायला लागले, आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. आपल्याकडे गोवर म्हणजे पोराला आठ दिवस शाळा नाही. ज्यांच्या अंगात त्याची ताकदच नाही त्यांच्यात तो वेगळा असतो. 2011 च्या जनगणनेत ते सगळे मिळून 380 होते. तीनशे ऐंशी. आमच्या आळीच्या गणपतीला एवढी माणसं जेवायला असतात.

मे 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने, आपणच नेमलेल्या शेखर सिंग आयोगाच्या अहवालावरून, राखीव भागातला रस्ता बंद करायचा आदेश दिला. तो बंद झालेला नाही. प्रशासनाचं म्हणणं असं की उत्तरेकडच्या लोकांना दवाखाना, भाजी, कॉलेज, सगळं याच रस्त्याने. ते खोटं नाही, मी रंगतच्या (मध्य अंदमानातलं गाव) माणसाला आजारी बायकोला घेऊन रात्री जिरकाटांगच्या गेटवर विनवण्या करताना बघितलंय. (ॲम्ब्युलन्सला सोडतात, तो बिचारा साध्या जीपमधून आला होता. सोडलं शेवटी.) 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्यासाठी नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा देशभर ओरड झाली, 2013 मध्ये काही आठवडे टुरिस्टना बंदी पण आली, मग उठली. नंतर पोर्ट ब्लेअरहून बाराटांगला टुरिस्टसाठी समुद्रातून बोट सुरू केली, म्हणजे राखीव भाग टाळून जाता येईल. बोट कधी असते कधी नसते, आणि ड्रायव्हर तुम्हाला त्याबद्दल आपणहून सांगणार नाही, त्याचा धंदा आहे.

मी त्या तुकड्यावर एक सीझन काम केलंय. तिथे रुंदीकरण नाही, आहे त्या रुंदीत दुरुस्ती, ठरलेले तास, पोलीस सोबत, मजुरांनी एकटं झाडीत जायचं नाही. माझे मजूर बहुतेक रांचीवाले, त्यांचे आजे-पणजे जंगलतोडीला छोटा नागपूरहून आणलेले. एका मोरीचं तोंड तुंबलं होतं, मला वाटलं पालापाचोळा असेल, गर्जनच्या झाडाची पानं मोठी असतात, अडकतात. फावड्याने ओढलं तर निघाली बिस्किटांची पाकिटं, कुरकुऱ्यांची, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, दोन पोती भरली. जिथं गाडी थांबवायला बंदी आहे त्या जागेवर. मुकादम काही बोलला नाही, पोत्याचं तोंड बांधून टाकलं फक्त. मी रस्त्याचा माणूस, रस्त्यावर माझं घर चाललं, पण त्या दिवसापासून माझं मत झालंय की हा तुकडा केला नसता तर बरं झालं असतं, बोटी चांगल्या, रोजच्या आणि भरवशाच्या केल्या असत्या तर उत्तरेवाल्यांचं पण भलं झालं असतं. माझ्या व्यवसायातले काही मित्र हे ऐकून हसतात.

तर दिसतात का? दिसू शकतात. दिसले तर काय करायचं? काही नाही. गाडीत बसून राहायचं, पुढे बघायचं, मोबाईल खिशात. फोटो काढला तर गुन्हा आहे, तुरुंगापर्यंत जाणारा, पण ते सोडा. आणि एखादा ड्रायव्हर 'लकी असाल तर दाखवतो' म्हणाला तर त्याला आदल्या दिवशीच बदला.

आता तुमचा प्लॅन. एका दिवसात दिगलीपूर करू नका, सत्तरीच्या माणसांना तर अजिबात नाही. पहिल्या दिवशी पहाटेचा कॉन्व्हॉय, बाराटांगला उतरून चुन्याच्या गुहा (खारफुटीतून छोट्या बोटीने, मग दीडेक किलोमीटर पायी, वाट ओबडधोबड, बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही ठरवा) किंवा नुसता चिखलाचा ज्वालामुखी. ज्वालामुखी म्हणजे लाव्हा नाही हं, बुडबुडे येणारा राखाडी चिखल आहे, बरेच जण बघून म्हणतात एवढंच? मला आवडतो. मग दुपारी पुढे रंगत, मुक्काम. वाटेत कदमतला, बकुलतला लागतं, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलेली गावं, मासे-भात झकास मिळतो, कोकणी माणसाला घरच्यासारखं वाटेल, फक्त कोकम मागू नका. दुसऱ्या दिवशी मायाबंदर, जवळ वेबी म्हणून गाव आहे, करेन लोकांचं, 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून आलेले. तिसऱ्या दिवशी दिगलीपूर. तिथे रॉस-स्मिथ ही दोन बेटं, मधे वाळूची पट्टी, ओहोटीला चालत जाता येतं. सॅडल पीक 732 मीटर, अंदमानातला सगळ्यात उंच, आईबाबांना खालून दाखवा.

परत येताना सगळा रस्ता पुन्हा करू नका. दिगलीपूरजवळ एरियल बेहून पोर्ट ब्लेअरला सरकारी बोट असते, रात्रीची मिळाली तर झोपून याल, नाही तर रंगतहून हॅवलॉककडे बोट मिळते का बघा. तिकीट आणि वेळापत्रक दोन्ही ऐनवेळी फिरतं, म्हणून परतीच्या विमानाआधी किमान एक दिवस मोकळा ठेवा, दोन ठेवले तर मी तुम्हाला शहाणा म्हणेन.

बाकी किरकोळ. जानेवारीत तिथे साडेपाचला अंधार पडतो, घड्याळ आपलंच पण सूर्य लवकर जातो, त्यामुळे संध्याकाळी चारनंतर मोठा पल्ला ठेवू नका, वळणं खूप आहेत आणि समोरच्या बसेस आपल्या एसटीच्या वरताण. ओकारीची गोळी पहाटे निघायच्या आधी अर्धा तास. रोख पैसे ठेवा, रंगतपुढे नेटवर्क लहरी आहे. आणि फेरीवर गाडी चढवताना सगळ्यांना खाली उतरवतात, गाडी वेगळी चढते, माणसं बाजूने, भरती कमी असली तर उताराला शेवाळ असतं, तेव्हा आईंना बाटाच्या सपाट चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला म्हणावं. मी स्वतः तिथे दोनदा आपटलोय, हेल्मेटसकट.